कळीचा दगड

१

युसूफ उस्ताद मरताना एकच शब्द बोलले, आणि त्या एका शब्दावर सेवालाल कोठडीत जाऊन बसला.

शब्द होता ‘मुका’. सेवालाल जन्माचा मुका. कमानीतला दगड सुटला तेव्हा शिडीपाशी तोच उभा होता, उस्तादांचा पाय ओढताना त्याला चारजणांनी पाहिलं होतं, आणि वाशिमला नेताना जीपमध्ये, मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून, उस्तादांनी तोच शब्द पुन्हा उच्चारला. यापुढे डोकं चालवायची तसदी कोण घेतो?

“मॅडम, केस एकदम साफ हाय,” ठाणेदार उदयसिंग फोनवर म्हणाला. “तुमी फक्त दगड पाहून जा. आपोआप पडला का कोनं पाडला, एवढं लिहून द्या. तो दगड तुमीच तर आमाले दाखवला व्हता.”

मी सुचिता इंगोले. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवण्यात हयात गेली, आता रिटायर आहे. उदयसिंग माझा विद्यार्थी; दगड ओळखायला दिला की त्याला हमखास तहान लागायची. सहलीला गेल्याचं त्याला आठवत होतं, दगडाचं नाव मात्र आठवत नव्हतं.

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अलीकडे, टेकाडावर, तो इंग्रजी अमदानीतला डाक बंगला आहे. ज्या गोऱ्या इंजिनिअरनं तो बांधला त्याच्या मुलखात घर पायाखालच्या दगडाचंच बांधायची रीत होती. जमिनीत मधाळ रंगाचा चुनखडक, तर सगळं गाव मधाळ. करडा ग्रॅनाइट, तर गाव करडं. डोंगरात पाटीचा दगड निघाला, तर छपरंही त्याच्याच पातळ चकत्यांची. साहेबानं इथं तेच केलं. टेकाडामागे खाण उघडली, इथल्याच पाथरवटांकडून काळा दगड घडवून घेतला आणि चुन्यात बसवला. फक्त एका जागी त्याला घराची आठवण आवरली नाही. व्हरांड्याच्या मोठ्या कमानीत, मधोमध, दोन्ही बाजूंचा भार झेलणारा कळीचा दगड त्यानं आपल्या गावचा लावला. जहाजाच्या तळाशी वजन म्हणून आलेला, सायीच्या रंगाचा, बारीक शिंपल्यांनी भरलेला चुनखडक. सगळ्या काळ्या भिंतीत तेवढाच पांढरा. लोक त्याला विलायती दगड म्हणत, आणि त्याच्या पोटात सोनं आहे असंही म्हणत. मी दरवर्षी पोरांना नेऊन त्यातले शिंपले दाखवायचे, आणि पोरं सोनं कुठे आहे ते विचारायची.

सरकारनं आता बंगला दुरुस्तीला काढला होता. ठेकेदार बापूराव काळबांडे. काळा दगड हातानं घडवणारा जिल्ह्यात कोणी उरलाच असेल तर तो मालेगावचा युसूफ उस्ताद, म्हणून काम त्यांच्याकडे. हाताखाली मुलगा मोईन आणि ओझी उचलायला सेवालाल.

मी गेले तेव्हा घाईनं पुन्हा लाकडाचा आधार लावलेल्या कमानीच्या माथ्यावर पडलेल्या दातासारखी खाच होती. खाली त्या दगडाची दोन अर्धुकं पडली होती. मी चष्मा पुसला आणि जमिनीवर बसले. दगड आडवातिडवा तुटला नव्हता, सोलला होता. या चुनखडकाला पापुद्रे असतात, मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे, आणि हा बरोबर दोन पानांमधून उघडला होता.

उघड्या बाजूचा बराच भाग ताजा, पांढराशुभ्र होता. पण कडेला, तळहाताएवढ्या जागेत, पिवळट चमक होती. मी नखानं खरवडलं. नखाखाली चिकट भुकटी आली.

“उदयसिंग,” मी म्हटलं, “हा दगड पडायच्या आधीच उललेला होता. कोणीतरी तो फेविकॉलच्या भावंडानं चिकटवून वर बसवला होता.”

तो खाली वाकला, बघितलं आणि समाधानानं उठला.

“मंग मुक्यानंच चिकटवला असंल,” तो म्हणाला.

२

ठाण्याच्या पायरीवर सेवालालची आई, गोमतीबाई, फडक्यात भाकर बांधून बसली होती. भाकर आत जात होती, तिला जाऊ देत नव्हते.

“बाई, माह्या लेकानं पाय वढला, व्हय, वढला,” ती म्हणाली. “पन काहून वढला, ते कोनी इचारत नाई.”

“का ओढला?”

“मले का मालूम? त्याले इचारा. मुका हाय, भैरा नाई. समदं आयकू येते त्याले. तुमच्या-माह्यापरीस जास्त आयकू येते.”

आत सेवालाल भिंतीला टेकून बसला होता. पोलिसांनी त्याला हात लावला नव्हता. तेवढी गरजच उरली नव्हती. जीपमधून बापूरावनं कामावर फोन केला, ‘उस्तादनं मुक्याचं नाव घेतलं’ म्हणून, आणि पोलीस पोचायच्या आत मजुरांनी आपलं काम उरकून घेतलं. ज्यांच्याबरोबर तो रोज जेवायला बसायचा, तेच. त्याचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत सुजून टम्म झाला होता. हा माणूस हातांनी बोलतो, आणि यांनी नेमका हातच धरला. मला इतका राग आला की उदयसिंगला मी तिथंच चार शब्द सुनावले, आणि हात आजच्या आज डॉक्टरला दाखवायला सांगितलं.

“दाखवतो न, मॅडम. पन पाहा, तो काय करते ते. आल्यापासून हेच करून राह्यला.”

सेवालालनं मला पाहिलं आणि डाव्या हाताच्या गाठींनी भिंत ठोकली. टक, टक, टक. मान जराशी तिरपी केली. मग तळवा स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला कळलं नाही. त्यानं पुन्हा तेच केलं.

“आता?” उदयसिंग म्हणाला. “ठोकलं म्हंते, अन् कोनं ठोकलं तर म्या, मुक्यानं. कबूलच करून राह्यला न.”

“सेवालाल,” मी विचारलं, “दगड कोणी चिकटवला, तू पाहिलंस?”

त्यानं तोंडावरचा हात काढला. मान वळवली आणि भिंतीकडे बघू लागला. त्यानंतर मी काहीही विचारलं तरी त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

३

बापूराव काळबांडेनं माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि मी न विचारताच शपथ घेतली. अशा माणसाच्या चहात मला साखर नेहमीच जास्त वाटते.

“माह्या कामावर आजलोक कोनाचं नख तुटलं नाई, मॅडम. उस्ताद म्हंजे देवमानूस. आता थोडा टाइम खात व्हता. दगड छिन्नीनंच घडवा म्हने. म्या म्हनलं, दुनिया मशिनीवर आली, उस्ताद. मोईनले म्या कटर आनून देलं. पोरगं हुशार हाय.”

“विलायती दगड कोणी खाली उतरवला?”

“कमान ढिली झाली व्हती, तं समदीच उतरवली. लाकडाचा आधार लावून पुन्ना बसवली. विलायती दगड धुवून-घासून, कडा नीट करून बसवाचं काम उस्तादनं मोईनले देलं. पयलाच मोठा दगड त्याचा. उस्ताद म्हने, हा जमला तं माहा पोरगा मिस्तरी झाला.”

“आणि त्या दिवशी?”

“सकाळी आधार काहाडला. भार कमानीवर आला. मंग उस्ताद हातोडी घेऊन शिडी चढाले लागले. तं हा मुका आला अन् त्याहिचा पाय धरून वढाले लागला. उस्तादनं लाथ मारून सोडवला न पाय. वर गेले, दगडावर हातोडी ठोकली, अन् धाडदिशी अर्धा दगड छातीवर घेऊन खाली.”

“म्हणजे पाय ओढल्यानं ते पडले नाहीत. वर पोचले, दगड ठोकला, मग पडले.”

बापूरावनं चहाचा घोट घेतला. “तसं पाह्यलं तं तसं.”

“जीप तुम्ही चालवत होतात. ते नेमकं काय म्हणाले? शब्दन् शब्द सांगा.”

“मुका हाय. दोन डाव म्हनले. मुका हाय, मुका हाय.”

“‘मुक्यानं’ नाही म्हणाले? ‘मुक्यानं मारलं’, ‘मुक्यानं पाडलं’?”

“नाई. ‘मुका हाय’ एवढंच. म्या आरशात पाहून मोईनले इचारलं, कोन, सेवालाल का? त्यानं मान खाली घातली. बापाचं डोस्कं मांडीवर, त्याच्यानं काय बोलनं होते?”

मी उठले. मरणारा माणूस आपल्या मारेकऱ्याचं नाव सांगतो, त्याचा गुन्हा सांगतो. ‘तो मुका आहे’ अशी ओळख करून देत बसत नाही, तीही रोज बरोबर काम करणाऱ्या मुलाला. मराठीचा एक प्रत्यय कोणी ऐकला असता तर सेवालालचा हात शाबूत राहिला असता.

४

उस्तादांचं घर मालेगावात, मशिदीमागच्या गल्लीत. दारातली पायरी काळ्या दगडाची, त्यांनीच घडवलेली. तिच्यावर पाय ठेवताना मला संकोच वाटला. त्यांची बायको अमीनाबी इद्दतीला, विधवेनं पाळायच्या चार महिन्यांच्या दुखवट्याला, बसली होती, बाहेर येणार नव्हती. मी आत गेले.

ती माझ्याशी बोलत होती आणि मधूनच सवयीनं दाराकडे बघत होती. स्वयंपाकघरातून सुनेनं विचारलं, रोट्या किती करू. अमीनाबी बोलून गेली, “गूंगे की भी डाल दे.” मग तिला आठवलं, आणि पदर तोंडात धरून ती बराच वेळ रडली.

“रोज जेवाले येत व्हता न, बाई,” ती म्हणाली. “आमच्या घरात गूंगाच म्हंतात त्याले. हे बी म्हनत, चल रे गूंगे. दुसरं नाव कधी घेतलं नाई. अन् त्यानंच असं करावं?”

“घरात तुमची बोली उर्दूच ना?”

“घरात तेच. लेकराहिशी, माह्याशी. कामावर मात्र हे मराठीच बोलत. दगडाचं काम जानराव पाथरवटाकून शिकले न. दगडाशी बोलाचं तं जानरावच्याच बोलीत बोलाचं, असं म्हनत. मी हसो त्याहिले.”

मोईन आतल्या खोलीत बसला होता. पंचविशीतला, बापासारखाच रुंद पंजा. समोर उस्तादांची हातोडी ठेवलेली; दांडा घामानं काळा झालेला.

“मोईन, अब्बा जीपमध्ये काय म्हणाले?”

“मुका हाय म्हनले.”

“आणि तू पोलिसांना काय सांगितलंस?”

“मुका हाय म्हनले, असं सांगतलं.” त्याचा आवाज एकदम चढला. “जे म्हनले तेच सांगतलं, मॅडम. म्या कोनाचं नाव घेतलं नाई. म्या खोटं काय बोललो?”

तो खोटं बोलला असं मी म्हटलंच नव्हतं.

५

संध्याकाळी उदयसिंगनं सेवालालला दवाखान्यात नेलं आणि मलाही बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं एक्स-रे उजेडात धरला, मग हात उलटापालटा करून पाहिला. सेवालालनं दात आवळले. ओरडायला आवाज नव्हता.

“वरून कातडी फुटलेली नाही, त्यामुळे कोणाला काही वाटणार नाही,” डॉक्टर म्हणाला. “पण आत बघा. बोटांची हाडं तडकली आहेत. मुका मार आहे. हा मार वाईट, बाहेर काही दिसत नाही आणि आतून सगळं गेलेलं असतं. बोटं आधीसारखी वळतील, असं मी म्हणणार नाही.”

गोमतीबाईनं विचारलं, “म्हंजे थो आता बोलन कसा?” डॉक्टरला प्रश्न समजला नाही. मला समजला.

पण माझं डोकं एका शब्दाशी अडकलं होतं. मुका मार. लहानपणापासून ऐकलेला शब्द. आई म्हणायची, डॉक्टर म्हणतात, आपण सगळे म्हणतो. बाहेर दिसत नाही, आतून तडकलेलं असतं, त्याला मुका म्हणतात.

मी सेवालालसमोर बसले. माझ्या मनगटातली बांगडी काढली आणि टेबलाच्या कडेवर वाजवली. ठण्ण. मग मान तिरपी केली, ऐकल्यासारखी. मग तोंडावर हात ठेवला.

सेवालाल माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं मान इतक्या जोरात हलवली की डॉक्टरनं त्याचा हात धरला.

“काय म्हंते?” उदयसिंगनं विचारलं.

“उद्या मोईनला बंगल्यावर बोलाव,” मी म्हटलं. “हातोडी घेऊन यायला सांग. तू भिंतीआड थांब, आणि तोंड उघडू नकोस.”

६

बंगल्यामागे जुन्या भिंतीचे काळे दगड रचून ठेवले होते. मोईन आला तो बापाची हातोडी घेऊन. मी त्याच्याशी खटल्याबद्दल काही बोलले नाही.

“माझ्या दारातली पायरी खचली आहे. बापूराव म्हणाले यातला एखादा घेऊन जा. या तिघांतला कुठला बरा, सांगशील? मला दगडाचं नाव कळतं, गुण तुला कळणार.”

त्याला बरं वाटलं. बाप गेल्यापासून त्याला कोणी कामाचं विचारलं नसावं. तो उकिडवा बसला, पहिल्या दगडावर हातोडी टेकवल्यासारखी मारली. ठण्ण असा लांब, स्वच्छ आवाज आला. दुसऱ्याचाही तसाच. तिसरा दिसायला सगळ्यांत देखणा होता, चारही कडा सरळ. त्यावर हातोडी पडली आणि आवाज बद्द आला, जागच्या जागी मेला.

“हा नका घेऊ, मॅडम,” मोईन म्हणाला. “दिसते चांगला, पन हा मुका हाय.”

आणि मग तो थांबला. हातोडी तशीच दगडावर. वर बघायची त्याची हिंमत होईना.

“कोण मुका आहे, मोईन?” मी विचारलं.

भिंतीआडून उदयसिंग बाहेर आला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वर्गात त्याला कधीच काही कळलं नव्हतं, आज कळलं होतं, आणि न कळतं तर बरं असं त्याला वाटत होतं.

“ऐक, उदयसिंग,” मी म्हटलं. “उस्ताद सेवालालला गूंगा म्हणत, आयुष्यभर. मुलाशी उर्दूत बोलत. मग मरताना मुलाच्या मांडीवर त्यांना मराठी शब्द का आठवावा? कारण तो माणसाचा नव्हता, कामाचा होता. वाजवल्यावर दगड बोलला तर चांगला. बोलला नाही तर तो आतून उललेला, मुका. जानरावकडून शिकलेला शब्द. भार आल्यावर कळीचा दगड ठोकून पाहायचा, ही उस्तादांची रीत. ते वर चढले, ठोकला, दगड बोलला नाही. सेवालाल खाली उभा होता, त्यानं ऐकलं. कोठडीत तो तेच सांगत होता: ठोकला, ऐकला, मुका. पाय त्यानं ओढला तो त्यांना वर जाऊ न देण्यासाठी, कारण दगड चिकटवताना त्यानं पाहिलं होतं. कोणाला, ते त्यानं मला सांगितलं नाही. हात तुटलेला असतानाही बोट दाखवायला एक हात शिल्लक होता. दाखवलं नाही.”

मोईन खाली बसला, मातीतच.

“म्या मुद्दाम नाई केलं,” तो म्हणाला. “काळा दगड म्या असाच कापतो, मॅडम. कशीबी मशीन लावा, त्याले उजवं-डावं नसते. हा बी तसाच धरला. कटर लागलं अन् पाना-पानानं उघडाले लागला. अब्बानं पयल्यांदा मले दगड देला व्हता. समद्या मोहल्ल्यात सांगून आले व्हते. म्या त्याहिले कसं सांगू, का म्या फोडला म्हून? चिकटवला. दगडाची भुकटी भरली. दिसत नव्हतं काईच.”

“ते शिडी चढत होते तेव्हा तू कुठे होतास?”

“खालीच.”

“एक शब्द बोलायचा होता, मोईन.”

“बोलनार व्हतो. मंग वाटलं, नाई कळनार. म्या इतका साजरा भरला व्हता.” त्यानं हातोडी बाजूला ठेवली. “त्याहिनं एक डाव ठोकला. खाली पाह्यलं. मुका हाय म्हनले. अन् मंग दगड आला.”

“आणि जीपमध्ये?” उदयसिंगनं विचारलं. “बापूराव सेवालाल म्हनले तवा?”

“म्या काई म्हनलो नाई,” मोईन म्हणाला. “म्या फक्त गप राह्यलो. मंग तुमीच समदे बोलत गेले.”

ते खरं होतं. आम्ही सगळे बोलत गेलो. बापूरावनं फोन केला, मजुरांनी हात चालवले, पोलिसांनी कागद रंगवले. या पोराची मला कीव यायला हवी होती, पण त्या क्षणी नाही आली. मला तो सुजलेला हात दिसत होता.

७

सेवालाल सुटला. त्याला सोडताना उदयसिंगनं हात जोडले. सेवालालला हात जोडता आले नाहीत. गोमतीबाईनं फडक्यातली भाकर ठाण्याच्या पायरीवरच सोडली आणि त्याला भरवली, सगळ्यांसमोर, घास घास करून. ठाण्यातले लोक कामात असल्यासारखे इकडेतिकडे गेले. त्याला मारायला मजुरांपैकी कोण कोण होतं ते कोणालाच आठवत नाही.

बंगल्याचं काम बापूरावनं पुरं केलं. कमानीत कळीचा दगड म्हणून सिमेंटचा ठोकळा बसवून त्याला सायीचा रंग दिला आहे. उद्घाटनाला मला दगडांवर चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मी गेले नाही. नंतर एकदा गेले, काठीनं तो ठोकळा वाजवून पाहिला आणि परत आले.

अमीनाबीचा निरोप आला तेव्हा तिची इद्दत सरत आली होती. मला जायचं नव्हतं. जिच्या नवऱ्याचं मरण मी समजावून सांगितलं, तिचा एकुलता मुलगा त्याच समजावण्यानं कोठडीत गेला होता. पण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं.

तिनं चहा दिला. समोर बसली.

“काल गूंगा आला व्हता, आईसंगं,” ती म्हणाली. “उंबऱ्यावर बसून जेवला. डाव्या हातानं. जुन्या सवयीनं उजवा उचलते अन् मंग ठेवते. मोईनचं काईच इचारलं नाई त्यानं. इचारनार तरी कसा?”

मी कप उचलला.

“हे त्याले गूंगा म्हनत, मुका नाई म्हनत, हे म्याच तुमाले सांगतलं न, मॅडम? याच खोलीत. माह्याच तोंडानं.”

“हो.”

“बरं झालं. सांगाच लागते. गूंगा बी कोनाचं तरी लेकरूच हाय.” तिनं पदर सारखा केला. “मले एकच गोष्ट सांगा. तुमाले शब्दाचं समजते. मोईन म्हंते, ठोकल्यावर त्याहिनं खाली पाह्यलं, त्याच्याकडं. अन् मंग मुका हाय म्हनले. जीपमंदी बी त्याच्याच तोंडाकडं पाहून म्हनले. ते दगडाले म्हनले का पोराले?”

“दगडाला,” मी लगेच म्हटलं. “तुम्हीच तर सांगितलं होतं. माणसाला ते मुका म्हणत नव्हते. घरात तर नाहीच.”

“घरात नाई,” अमीनाबी म्हणाली. “कामावर मराठीच बोलत. अन् मोईन त्या दिशी कामावरच व्हता न, शिडीखाली गप उभा.”

मी चहाचा कप खाली ठेवला. बाहेर पायरीवर कोणीतरी चपला काढल्या, सेवालाल जेवायला आला होता. अमीनाबी उठली आणि ताट वाढायला आत गेली.